देवाच्या सवालात गेलेलं सरकारी खोकं

हौसेनं शिरूर-दौंड हिंडायला गेलेला माणूस मला तरी अजून भेटलेला नाही. लोक तिकडे लग्नाला जातात, कारखान्यात नोकरीला जातात, नाहीतर गाडी बदलायला दौंडला उतरतात आणि चहा पिऊन पुढे जातात. मी ऐन चैत्रात, उन्हाचा तडाखा बसत असताना, चार दिवस तिथे राहून आले. परत आल्यापासून देवरुखात जो भेटेल त्याला धरून तिकडच्या गोष्टी सांगते आहे. आता शेजारीपाजारी मला बघून रस्ता बदलायला लागले, तेव्हा म्हटलं, लिहूनच काढावं.

जायचं कारण जरा विचित्र होतं. मी बत्तीस वर्षं कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं. त्यातही सरकारचा जमाखर्च हा माझा आवडीचा विषय आणि मुलांचा झोपेचा. त्या झोपणाऱ्यांतलाच एक, निखिल, आता पुण्यात एका छोट्या संशोधन संस्थेत काम करतो. त्याचा फोन आला. "बाई, व्हेप माहीत आहे ना? ती बॅटरीवरची सिगारेट?"

"ऐकून माहीत आहे. ओढलेली नाही," मी म्हटलं.

"काही देशांत तिला परवाना देतात, कर लावतात, तपासायला माणसं नेमतात. तिथे खर्च किती, उत्पन्न किती, याचे तक्ते निघतात. आपल्याकडे बंदी. म्हणजे उत्पन्नाच्या रकान्यात शून्य. पण बंदी पाळून घ्यायला खर्च येतोच की! तो गावात कोण करतं, कुठल्या पैशातून करतं, हे कुणी विचारलेलंच नाही. दोन तालुके फिराल?"

प्रश्नावली दहा पानांची आणि मानधन एसटीच्या तिकिटापुरतं. गुडघे नको म्हणत होते, पण त्यांचं मी हल्ली ऐकत नाही.

शिरूर

शिरूरला माझी सोय एस्तेरताईंकडे केली होती. जुन्या मिशनच्या आवाराजवळ त्यांचं बैठं घर, दारात कडुनिंब, अंगणात धुतलेल्या चादरी. वय सत्तरीच्या पुढे, जन्मभर दवाखान्यात परिचारिका म्हणून काम केलेलं, त्यामुळे आवाजात अजून वॉर्डातली जरब. मी पाय धुऊन आले तर ताट वाढलेलं. हात घालणार तोच त्यांनी डोळे मिटले आणि प्रार्थना सुरू केली. "हे परमेश्वर बापा, ह्या अन्नाबद्दल तुझे आभार. ह्या बाई लांबून आल्यात. यांचे गुडघे संभाळ, आन् यांच्या प्रश्नांना लोकांनी खरी उत्तरं द्यावीत असं कर." आमच्याकडे जेवणाआधी चित्राहुती घालतात, पण माझ्या प्रश्नावलीसाठी देवाकडे कुणी शब्द टाकल्याचं मला आठवत नाही. मला अगदी भरून आलं.

ताटात शेंगोळी होती. हुलग्याच्या पिठाची वळून केलेली, लसणीच्या झणझणीत रश्शात शिजवलेली. पहिल्या घासाला मी चपापले, कारण चव ओळखीची निघाली. हुलगा म्हणजे आमचा कुळीथच! आम्ही त्याची पातळ पिठी करून भातावर ओततो आणि आजाऱ्याला देतो. इथे त्याच कुळथाला असा काही पेहराव चढवलेला की आजारी माणूस उठून कामाला लागेल. मी तीनदा घेतलं आणि मग दुपारभर पाणी पीत बसले.

संध्याकाळी स्टँडजवळच्या एका पानटपरीवर प्रश्नावली उघडली. टपरीवाले सलीमभाई सुपारी कातरत होते. व्हेप म्हटल्यावर त्यांनी आधी मला, मग माझ्या छत्रीला नीट न्याहाळलं आणि मी पोलीस नाही अशी खात्री करून घेतली.

"ती मी ठेवत न्हाई, म्याडम. कारखान्यातली पोरं इचारत्यात, मी सांगतो, बंद है. पर एक गोष्ट ध्यानात घ्या. बिडी-सिगारेटवर सरकार बसल्या जागी कमावतंय. ह्याच्यावर कमाई काय न्हाई, नुसतं पळायचं काम."

बत्तीस वर्षं मी जे तासभर फळ्यावर लिहून सांगायचे, ते या माणसानं सुपारी कातरता कातरता सांगितलं. मी ते तिथेच उतरवून घेतलं. त्यांनी मला गुलकंद जास्त घातलेलं पान दिलं आणि पैसे घ्यायला साफ नकार दिला.

दौंड

दुसऱ्या दिवशी दौंड. इथे गावापेक्षा स्टेशन मोठं वाटतं. रेल्वे कॉलनीत मोठमोठी झाडं, त्यांच्या सावलीत जुने बंगले, आणि गाडीचा भोंगा झाला की बोलणारा माणूस वाक्य अर्धं सोडून थांबतो आणि भोंगा संपला की तिथूनच पुढे बोलतो. मला ही सवय इतकी आवडली की दुपारपर्यंत मीही तसंच करायला लागले. आमच्याकडे बोलणं थांबवायला सासूबाईच लागायच्या.

जप्तीची कामं बघणारे निरीक्षक कदमसाहेब इथेच भेटले. माणूस सरळ, पण कामाखाली दबलेला. बंदीचा खर्च विचारल्यावर त्यांनी मोठा श्वास घेतला. "बाई, माल पकडणं सोपं हाय. पुढं काय? आत बॅटरी, म्हणून जाळता येत न्हाई. आत निकोटीन, म्हणून पुरता येत न्हाई. नष्ट करणाऱ्या कंपनीकडं पाठवायचा तर गाडीभाडं कुठल्या खात्यातनं? खुटबावच्या पलीकडं एका गावात एक खोकं सहा महिने पडून हाय. ग्रामसेविकेची चार पत्रं आली."

"मग आणलं का नाही?"

ते जरा ओशाळले. "आता तुम्ही विचारलंच हाय, तर उद्या जीप घेऊन जातोच. अकराला तिथं असतो. तुम्ही आजच पुढं व्हा, बघून घ्या."

मला फार बरं वाटलं. नुसती विचारपूस करून सरकारी जीप हलवणारी बाई म्हणून मी डेमू गाडीत ताठ बसून खुटबावला उतरले. तो ताठा तासाभरच टिकला.

राहूच्या वाटेवर

गावाचं नाव सांगत नाही, तसं वचन देऊन आले आहे. खुटबावहून राहूच्या वाटेवर कुठेतरी, एवढं पुरे. स्टेशनवर मला न्यायला ग्रामसेविका सुवर्णा स्कूटीवरून आली. पारनेरकडची, तिशीच्या आतली, डोक्याला स्कार्फ आणि पाठीला दप्तराची सॅक. दोन्ही बाजूंना ऊस, मधूनच गुऱ्हाळाचा गोडसर वास. आमच्याकडे चैत्रात असा घमघमाट फक्त आंब्याच्या अढीला येतो.

वाटेत मी तिला उद्याच्या जीपचं सांगितलं आणि तिनं मला खोक्याची कथा. शाळेजवळच्या एसटी शेडमध्ये हेडमास्तरांना एक बेवारशी पिशवी सापडली, आत चाळीस व्हेप. सुवर्णानं पंचनामा केला, खोक्यात भरून लाखेचं सील मारलं, आणि कार्यालयातली जुनी दप्तरं बांधतात तसलंच लाल फडकं वरून बांधलं. मग पत्रं. एक खातं म्हणे दुसऱ्याला लिहा, दुसरं म्हणे पहिल्याला. मध्यंतरी ग्रामपंचायतीला रंग द्यायला काढला, तेव्हा भक्कम कुलूप म्हणून तिनं दिवाबत्ती करणाऱ्या पोराकडून किल्ली मागून ते भैरवनाथाच्या देवळातल्या कोठीच्या खोलीत ठेवलं.

"चला, दाखव," मी म्हटलं. घड्याळात चार वाजले होते.

कोठीचं कुलूप आप्पांनी उघडलं. आप्पा देवस्थानचे प्रमुख, पांढरा फेटा, चष्मा कायम खिशात. आत झाडून पुसून लख्ख केलेली रिकामी खोली होती. सुवर्णा दारातच थांबली.

"आप्पा, माझं खोकं?"

"कसलं खोकं, ताई?"

"लाल फडक्यातलं."

आप्पांचा चेहरा खुलला. "ते व्हय! अवं, ते तर परवा यात्रंत सवालात गेलं की! लई मान मिळाला त्याला. एकावन्नशेला गेलं!"

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. यात्रेत देवाला आलेले नारळ, साड्या, कोंबडे असं सगळं देवळापुढे लिलावात निघतं. त्याला इथे सवाल म्हणतात. वस्तूच्या किमतीचा तिथे काही संबंध नसतो. साधा नारळ हजारात जातो, कारण बोली असते ती मानाची. लाल फडक्यात बांधलेली, कोठीत जपून ठेवलेली बंद पेटी म्हणजे देवाचीच, यात आप्पांना शंका येण्याचं कारण नव्हतं. "आत काय हाय" असं विचारणंच तिथे कमीपणाचं. पाचशे एकपासून सुरू झालेली बोली गुऱ्हाळवाल्या बाळासाहेबांनी आपल्या सख्ख्या मेव्हण्यावर ईर्षेनं चढवत नेली होती.

मला आधी हसूच फुटलं, खोटं कशाला बोलू. देशभरात ज्या मालावर सरकारला एक पै मिळत नाही, त्यावर महसूल गोळा झाला तो एका गावात, आणि वसूल करणारा साक्षात भैरवनाथ! पण सुवर्णाकडे बघून माझं हसू आटलं. ती पायरीवर बसली होती.

"बाई, माझी कंत्राटी तीन वर्षं ह्या महिन्यात पुरी होतात. कायम व्हायची फाइल वर गेलीय. उद्या साहेब येणार, आन् मी सांगू काय? जप्त केलेला माल मीच विकला? विकायलाच तर बंदी आहे."

जीप मीच हलवली होती.

गुऱ्हाळावर

आम्ही तिघं बाळासाहेबांच्या गुऱ्हाळावर पोचलो तेव्हा काहिलीत रस रटरटत होता. चुलवणात चिपाड घालणारे कामगार आपसात हिंदीत बोलत होते, आणि बाळासाहेब, पन्नाशीचा धिप्पाड गडी, पाकाचा थेंब पाण्यात टाकून बघत होते. पाव्हणी आली म्हणून आधी वाटीभर गरम काकवी. शपथेवर सांगते, तसल्या काळजीतही मी वाटी चाटून पुसून साफ केली.

सुवर्णानं विचारताच ते खूश झाले. "पेटी? घरात देव्हाऱ्यात ठिवलीया. उघडायची न्हाई, पुनवंला उघडायची, असा आमचा रिवाज हाय. आन् ताई, पेटी आल्यापासनं गूळ कसा उतरतोय बघा! पिवळाधमक!"

"ती परत हवीय, बाळासाहेब."

"परत?" त्यांनी आप्पांकडे पाहिलं. "देवाच्या सवालाचं परत देत्यात व्हय कुठं? आप्पा, तुमीच सांगा."

आप्पांनी मान खाली घातली. "न्हाई देत. वस्तू बी न्हाई, पैसं बी न्हाई."

घर गुऱ्हाळाला लागूनच होतं. देव्हाऱ्यात टाकांच्या शेजारी खोकं विराजमान झालेलं, वर हळदकुंकू, झेंडूचं फूल, पुढे उदबत्ती. पण फडक्याची गाठ तशीच आणि लाखेचं सील जसंच्या तसं! सुवर्णानं माझा हात असा दाबला की बांगडी रुतली. बाळासाहेबांची बायको कमलकाकी पदरानं हात पुसत बाहेर आल्या, आणि सुवर्णानं त्या दोघांना आत काय आहे ते सरळ सांगून टाकलं. शाळेजवळ सापडलेल्या, पोरांना ओढायच्या चाळीस विजेच्या बिड्या.

काकींनी तोंडावर हात ठेवला. "अगं बया! आन् म्या तिला दोन्ही वक्ताला उदबत्ती लावतीया!"

बाळासाहेबांचा पेच मात्र सुटेना. चेहरा पार उतरला होता. "विडीकाडीला ह्या घरात कवाच जागा न्हवती. पर सवाल मोडला तर देवाला त्वांड कसं दावू? आन् मेव्हणा गावभर हसंल ते येगळंच."

मग काकी म्हणाल्या, "परत देतंय कोन? देव्हाऱ्यातनं फूल निघतं तवा काय परत देतो आपण? त्ये निर्माल्य हाय. सकाळी गुरवाला बोलवा, उत्तरपूजा घाला, आन् निर्माल्य ज्याला न्यायचं त्यो नेईल."

आप्पांनी फेटा सारखा केला आणि म्हणाले, "ह्यात देवाचा मान बी राहतोय."

मी इतकी वर्षं समित्यांमध्ये बसले. असा तोडगा मी कुठे ऐकलेला नाही.

सकाळ

सुवर्णाच्या भाड्याच्या खोलीवर सकाळी आम्ही बाजरीची भाकरी आणि ठेचा घेऊन बसलो. मी प्रश्नावलीचं खर्चाचं पान काढलं आणि तिला एकेक आठवायला लावलं. लाख, फडकं, पत्रांच्या झेरॉक्स, तालुक्याला मारलेल्या खेपांचं पेट्रोल, पंचांचा चहा. सगळं तिच्या पगारातून. ती म्हणाली, "हे कधी धरलंच नव्हतं, बाई." मी प्रत्येक गोष्ट लिहिली, आणि 'खर्च कोणी केला' या रकान्यात तिचं नाव घातलं. सरकारच्या जमाखर्चात तिची जागा मला तेवढीच करता येत होती.

मग मी एक चूक केली. म्हटलं, "सुवर्णा, सील शाबूत आहे. कुंकू पुसून टाकू, खोकं कोठीत ठेवू. साहेब नेतील, विषय संपेल."

तिनं भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "तीन वर्षं जे झालं तेच लिहिलंय, बाई. एकदा दुसरं लिहिलं की आधीचं सगळंच खोटं वाटायला लागेल." आणि तिनं कोरा कागद ओढून सवाल, एकावन्नशे, उदबत्ती, सगळं क्रमानं लिहून काढलं. माझी मलाच लाज वाटली, आणि तिचा फार अभिमानही वाटला.

कदमसाहेब अकराला आले. तोवर बाळासाहेबांच्या अंगणात अर्धं गाव जमलेलं, मेव्हण्यासकट. सुवर्णानं कागद पुढे केला. आवाज स्पष्ट होता. साहेबांनी कागद एकदा वाचला, पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"म्हंजी ह्याला विक्री म्हणायचं का?" साहेबांनी बाळासाहेबांना विचारलं.

"साहेब, पैसं म्या देवाला दिलं, खोक्याला न्हाई. सवाल मानाचा असतोय. आत नारळ हाय का दगूड, कोन बघतंय?"

"जबाबात असंच लिहू?"

"अस्संच लिवा. मेव्हण्याची सही घ्या साक्षीला."

मेव्हणा पुढे आला. मला वाटलं, आता काहीतरी खोच मारणार. पण तो म्हणाला, "खरं हाय, साहेब. आत काय हाय ते मलाबी ठावं न्हवतं. न्हाईतर म्या पाच हजारापतुर चढवलं असतं व्हय?" आणि त्यानं सही केली.

साहेब उठले, देव्हाऱ्याच्या खोलीच्या दारात थबकले आणि बूट काढले. बाळासाहेबांनी ते बघितलं आणि त्यांचे खांदे सैल झाले. गुरवमामांनी उत्तरपूजा सुरू केली. अक्षता वाहिल्या, फूल काढलं, खोकं जरासं हलवलं आणि डोळे मिटून सवयीनं म्हणून गेले, "पुनरागमनाय च..."

"अवो मामा, न्हाई! त्ये नगा म्हनू!" कमलकाकी ओरडल्या. "परत नगं यायला!"

गुरवमामांनी जीभ चावली. अंगण असं काही हसलं की गुऱ्हाळावरचे कामगार पळत बघायला आले. साहेब डोळे पुसत होते, आप्पांचा फेटा सुटला, आणि मी भिंतीला धरून उभी राहिले. शेवटी मामांनी हात जोडले आणि मराठीतच सांगितलं, "जा बाबा, जिथं जायचं तिथं. हिकडं फिरकू नगंस."

खोकं ओसरीवर उघडलं. आतून गोड, खोटा वास आला, आणि एकेका डबीवर आंब्याचं चित्र. मी देवरुखची. हापूसची ही विटंबना मला सहन होईना आणि मी ते मोठ्यानं बोलून दाखवलं, तर साहेब म्हणाले, "बाई, तुमची फिर्याद वेगळी घेऊ." मग ते एकेक डबी बाजूला ठेवत मोजायला लागले आणि सगळं गाव त्यांच्याबरोबर मोजायला लागलं. एकोणचाळीस, चाळीस.

साहेबांनी पावती लिहिली. सील अखंड, नग चाळीस, मिळाले. खाली सही, शिक्का. सुवर्णाचा कागद त्यांनी घडी घालून फाइलला लावला. "खुलासा जसा हाय तसा वर पाठवतो. सोबत माझा शेरा, की ह्या ग्रामसेविकेनं सहा महिने माल संभाळला आन् एक शब्द लपवला न्हाई. तुमच्या फाइलीला तो लागंल."

जीप गेली. लोक काकवी प्यायला गुऱ्हाळाकडे वळले. सुवर्णा ओसरीच्या कडेला जाऊन उभी राहिली. तिनं पावती तीनदा वाचली, सॅकमध्ये ठेवली, पुन्हा काढली, आणि फोन लावला.

"आई," ती म्हणाली, आणि तिला पुढचं बोलताच येईना. पलीकडून घाबरून काय झालं, काय झालं असं विचारणं चाललं होतं, ते मला इथपर्यंत ऐकू येत होतं. सुवर्णानं नाक ओढलं आणि हसायला लागली. "काही नाही गं. खरं लिहिलं, आन् साहेबांनी सही केली."